पंगतीतली जागा

मंडळीच्या जीवनावर पुस्तक निघाले की त्यात नम्रता, आगतस्वागत आणि कृपा हे शब्द असणारच, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. म्हणून ते शब्द दिसले की तो पान उलटतो. रविवारच्या उपदेशांतून ते इतके वापरले गेले आहेत की कानाला लागतच नाहीत. हाती असलेल्या या पुस्तकातले लेख मला आवडले, कारण लेखकांनी हे शब्द व्यासपीठावरून खाली उतरवून चर्चच्या बाकांवर, प्रीतिभोजनाच्या पंगतीत आणि कमिटीच्या इतिवृत्तात आणून बसवले आहेत. प्रस्तावनाकाराने लेखकांची स्तुती करावी असा रिवाज आहे. ती मी एवढ्यातच उरकतो, कारण विषयाची पार्श्वभूमी मांडायला जागा हवी आहे आणि ती पार्श्वभूमी फारशी सुखावह नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. दाराशी उभे राहून हसतमुखाने सलाम करणे कोणत्याही मंडळीला जमते. खरी परीक्षा आत गेल्यावर होते. कोण कुठे बसतो, कोण कुणाच्या ताटाशेजारी जेवतो आणि हे ठरवण्याचा अधिकार कुणाच्या हाती आहे, या प्रश्नांपाशी नम्रता आणि कृपा यांचे काय होते ते पाहावे. मराठी ख्रिस्ती समाजाचा दोनशे वर्षांचा इतिहास या प्रश्नांभोवती फिरलेला आहे, आणि त्याचे मूळ थेट नव्या करारात आहे.

पहिल्या शतकातले करिंथ घ्या. पौलाने तिथल्या मंडळीला पहिले पत्र लिहिले ते साधारण इसवी सन ५५ च्या सुमारास. तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या. एखाद्या खात्यापित्या घरच्या विश्वासणाऱ्याच्या वाड्यात मंडळी जमायची आणि प्रभुभोजन भरपेट जेवणासोबत व्हायचे. सवड असलेले लोक लवकर यायचे, घरून आणलेले पदार्थ काढून बसायचे. हमाल, गुलाम, मोलमजुरी करणारे दिवसभराचे काम आटोपून येईपर्यंत पात्रे रिकामी झालेली असायची आणि काहींना मद्यही चढलेले असायचे. पौल या पत्रात अनेक गोष्टींवर रागावलेला आहे, पण इथला त्याचा राग वेगळाच आहे. प्रभूच्या भाकरीत अयोग्य रीतीने भाग घेणाऱ्यांना त्याने दिलेला इशारा आपण प्रत्येक प्रभुभोजनाच्या वेळी वाचतो. तो ऐकून आपल्याकडची साधी माणसे, विशेषतः बायका, मनातली एखादी जुनी चूक आठवून जागेवरच बसून राहतात. तो इशारा मुळात अशांसाठी नव्हताच. दुसऱ्याला उपाशी ठेवून आपण पवित्र भोजन करतो आहोत असे समजणाऱ्या तृप्त माणसांसाठी तो होता. ज्यांनी थांबायला हवे ते पुढे जातात आणि ज्यांना बोलावले आहे ते मागे राहतात, ही उलटापालट आपल्या अनेक मंडळ्यांत आजही दर महिन्याला घडते, आणि पाळकसाहेब ती दुरुस्त करत नाहीत याचे मला नवल वाटते.

याकोबाच्या पत्रात तर आसनव्यवस्थाच आहे. सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला पायापाशी. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू स्वतः एका परूश्याच्या घरी पाहुणा आहे आणि मानाच्या जागांसाठी चाललेली लगबग पाहून यजमानालाच चार गोष्टी सुनावतो: परत बोलावू शकणाऱ्यांना बोलावू नकोस, गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव. पाहुण्याने यजमानाला असे सुनावणे आपल्या शिष्टाचारात बसणार नाही. तिथेही बसले नसावे.

पंगत म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पाट कुठे मांडला, पाणी कुणाच्या हातचे, वाढणारा कोण, उष्टे कोण काढणार, यांत अख्खी समाजरचना असायची. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत सुरू झाले आणि १८३१ मध्ये ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोहोचले. तिथे उभ्या राहिलेल्या मंडळीत महार, मांग घरांतले लोक आले आणि थोडे ब्राह्मणही आले. बाप्तिस्मा घेणे हे मोठे धाडस होतेच. तरी त्या काळच्या सवर्ण ख्रिस्ती माणसाला त्याहून अवघड जात असावे ते सगळ्यांनी ओठ लावलेल्या एकाच प्याल्यातून पिणे. बाप्तिस्मा एकदाच होतो. प्याला मात्र पुन्हा पुन्हा समोर येतो आणि प्रत्येक वेळी शेजारी कोण बसले आहे ते दाखवतो.

या अवघडपणाचा सगळ्यात प्रामाणिक दस्तऐवज म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. मराठी वाचक ते पुस्तक विनोदासाठी, भाषेसाठी आणि त्या विलक्षण संसारासाठी वाचतो, आणि ते योग्यच आहे. मंडळीच्या दृष्टीने मात्र ते सोवळ्याचा इतिहास म्हणून वाचावे. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीनंतर फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनात सोवळ्याने असे घर केले की बाजारातून आलेला जिन्नसही धुतल्याशिवाय घरात येईना. अशा घरातली ही मुलगी. तिच्या नवऱ्याने, नारायण वामन टिळकांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि तिचे जग कोसळले. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे ती नवऱ्याकडे आली तीही स्वतःची चूल आणि स्वतःचे पाणी वेगळे ठेवूनच.

मग राहुरीला एक दिवस ती एकटीच विचार करत बसली. या जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर जनावरांसारखा माणसांच्या शरीरातही फरक दिसला असता. विचाराच्या शेवटी तिने ठरवून टाकले की यापुढे कुणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. क्रम पाहण्यासारखा आहे: आधी पाणी प्यायली, मग पाण्यात उतरली. कुणा मिशनऱ्याच्या वादविवादाने हे झाले नाही. टिळक स्वभावाने तापट होते, हे लक्ष्मीबाईंनी कुठेही लपवलेले नाही. तरी तिच्या चुलीला त्यांनी हात लावला नाही आणि तिला तिच्या गतीने चालू दिले. कृपा माणसाला किती वेळ देते याचे मराठीतले याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. नवीन माणूस आला की तिसऱ्या रविवारी त्याच्यासमोर सभासदत्वाचा अर्ज ठेवणाऱ्यांनी ही काही वर्षे लक्षात ठेवावीत.

पुढे याच बाईच्या घरात इतकी माणसे जेवून गेली की संसाराचा हिशेब कधी जुळलाच नाही. परक्यांची मुले, विद्यार्थी, आलेगेलेले, कुणी आजारी. टिळक हातात असेल ते देऊन मोकळे होत आणि निस्तरणे लक्ष्मीबाईंकडे येई. आतिथ्याचे गोडवे गाणाऱ्या पुस्तकांत ही दुसरी बाजू सहसा येत नाही. मंडळीचे आदरातिथ्य बहुधा बायकांच्या पाठीवर उभे असते. प्रीतिभोजनाच्या दिवशी पुरुष स्वागताचे भाषण करतात आणि महिला मंडळ पहाटेपासून कांदे चिरत असते. या पुस्तकात तो मुद्दा एका लेखात येऊन जातो. मला तो आणखी ठासून हवा होता.

नम्रतेबद्दल बोलायचे तर पंडिता रमाबाईंकडे वळावे लागते, आणि तेही केडगावच्या रमाबाईंकडे येण्याआधी इंग्लंडातल्या रमाबाईंकडे. १८८३ मध्ये त्या तिथे गेल्या, वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या भगिनींनी त्यांच्यावर मनापासून प्रेम केले, आसरा दिला, शिक्षणाची सोय केली. पण रमाबाई मांसाहार करत नव्हत्या, त्रैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न विचारत होत्या, धर्मगुरूंचा शब्द अंतिम मानायला तयार नव्हत्या. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, संस्कृत का नसावीत, असेही त्यांनी विचारले. यजमानांना यात अहंकार दिसला. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी ते योग्य ठरणार नाही असे कळवले. रमाबाईंनी उत्तर दिले, आणि ते नमते घेणारे नव्हते. हा सगळा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला आहे. आपल्याकडच्या प्रत्येक पाळकाने तो वाचावा असे मला वाटते.

कारण त्या पत्रांत नम्रतेचा एक मोठा गैरवापर उघडा पडतो. घर ज्याचे, नियम त्याचे, आणि पाहुण्याने ते कृतज्ञतेने पाळणे म्हणजे नम्रता, असे वाँटेजच्या भल्या बायकांना वाटत होते. त्या दुष्ट नव्हत्या, म्हणूनच हे प्रकरण बोधप्रद आहे. ज्याच्याकडे अधिकार आहे तो ज्याच्याकडे नाही त्याला नम्रतेचा उपदेश करतो, तेव्हा त्या सद्गुणाचे रूपांतर लगामात होते. योहानाच्या तेराव्या अध्यायात पाय धुणारा गुरू आहे. शिष्यांनी एकमेकांचे पाय धुवावेत असे तो सांगतो, पण आधी स्वतः कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांतला सर्वांत बोलका माणूस, पेत्र, संकोचतो. पवित्र गुरुवारच्या पायधुणीचा विधी रोममध्येही फार काळ ठरलेल्या चौकटीत होता. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले आणि त्यांनी मुलींचे व मुसलमान कैद्यांचेही पाय धुतले. विधीच्या नियमांत स्त्रियांना अधिकृत जागा मिळाली ती त्यानंतर, २०१६ साली.

हीच रमाबाई पुढे यजमान झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या, आणि तिथल्या मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तिथे अंध मुली होत्या, म्हाताऱ्या होत्या, ज्यांना कुठलीही संस्था घेईना अशा बायका होत्या. विद्वत्तेबद्दल कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये ‘सरस्वती’ ही पदवी दिलेली ही बाई आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवते. ते कुणासाठी, तर नुकतीच अक्षरओळख झालेल्या खेड्यातल्या बायकांसाठी. छपाईचे काम मुक्तीतल्याच मुलींच्या हातून झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, त्याच्या थोडे आधी भाषांतराचे काम हातावेगळे झाले होते. वाँटेजला ज्यांना ती गर्विष्ठ वाटली, त्यांनी हे भाषांतर पाहायला हवे होते.

पण रमाबाईंनाही एका प्रश्नाला सामोरे जावे लागले, तो इथे टाळू नये. १८८९ साली मुंबईत सुरू झालेले त्यांचे शारदा सदन पुण्याला गेल्यावर तिथल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. आसऱ्याच्या बदल्यात आपण मनात काही अपेक्षा ठेवतो का, हा तो प्रश्न. रमाबाईंची बाजू मला बरीचशी पटते, कारण स्वतःच्या खोलीत उघड्या दाराने प्रार्थना करण्याचा त्यांना हक्क होता. तरी ज्या मंडळीला अन्नदान करताना पाहुण्यांच्या डोक्यांची गणती करावीशी वाटते तिने रानड्यांचे म्हणणेही एकदा समजून घ्यावे.

टिळकांनी हा पेच वेगळ्या बाजूने सोडवू पाहिला. १९१७ मध्ये ते मिशनची नोकरी सोडून बाहेर पडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे एकत्र यावेत ही कल्पना. मिशनऱ्यांना ती धोक्याची वाटली, आणि खरोखरच तीत धोका होता: सभासदांची यादी नसलेली मंडळी टिकवायची कशी? १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार फार वाढू शकला नाही. प्रश्न मात्र शिल्लक आहे. महाराष्ट्रात येशूवर प्रेम करणारे आणि चर्चच्या पुस्तकात नाव नसलेले अनेक लोक आहेत. नाताळच्या रात्री ते मागच्या दाराजवळ उभे असतात.

जातीचा प्रश्न प्रभुभोजनाच्या प्याल्यात विरघळला असे समजण्याचे कारण नाही. गोव्यातल्या कित्येक गावांत चर्चच्या कॉन्फ्रारिया, म्हणजे भाविकांची बंधुमंडळे, पिढ्यान्‌पिढ्या जातीवर चालल्या आणि फेस्ताच्या मिरवणुकीतले मान त्याप्रमाणे वाटले गेले. १९८१ मध्ये अरविंद निर्मळ या मराठी धर्मशास्त्रज्ञाने बंगळुरूला उभे राहून भारतीय ख्रिस्ती धर्मशास्त्र आजवर वरच्या जातींच्या अनुभवावर रचले गेले असे स्पष्ट सांगितले, आणि दलित धर्मशास्त्राच्या चळवळीला तिथून जोर आला. आपल्या मंडळ्यांत आज जात विचारत नाहीत. आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही तर मूळ गाव, आणि त्यानंतर ‘तुम्ही कुठल्या मिशनचे?’ प्रश्न आपुलकीने विचारला जातो आणि उत्तर मिळाल्यावर विचारणाऱ्याचा चेहरा किंचित बदलतो. तो बदल पाहुण्याला दिसतो. मुलामुलींची लग्ने जुळवताना तर एवढाही आडपडदा राहत नाही.

मंडळ्यांनी मंडळ्यांशी नम्रतेने वागण्याचा एक प्रसंग महाराष्ट्राच्या भूमीवर घडला, आणि त्याची आठवण फार कमी जण काढतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, अस्तित्वात आली. बिशप असलेले आणि बिशप न मानणारे, बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि फक्त प्रौढांना देणारे, असे लोक त्यात होते. कुणाची दीक्षा खरी आणि कुणाची अपुरी हा वाद चाळीस वर्षे चालला होता. शेवटी सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवावेत आणि कुणाचे काय कमी होते ते देवावर सोडावे असे ठरले. एक मोठी मेथडिस्ट संस्था ऐन वेळी मागे फिरली. पुढे या एकत्र झालेल्या मंडळीत मालमत्तेचे खटले किती झाले हे वाचकांना माहीत आहे, त्यावर मी शाई खर्च करत नाही.

कृपेविषयी एक इशारा द्यायचा राहिला. मंडळीत एखादा घोटाळा उघडकीस येतो, कुणी जबाबदार माणूस पैशांत किंवा त्याहून वाईट गोष्टीत सापडतो, आणि मग क्षमेची भाषा सुरू होते. उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली जाते, आणि ज्या बाईने तक्रार केली तिला मन मोठे करायला सांगतात. त्या गोष्टीत बापाने स्वतःची मालमत्ता गमावली होती, म्हणून क्षमा करण्याचा अधिकार त्याचा होता. दुसऱ्याच्या नुकसानीवर आपण उदार होतो तेव्हा त्याला कृपा म्हणू नये. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय या बाबतीत अधिक उपयोगी आहे. येशू त्याच्या घरी अट न घालता जेवायला गेला, आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याची भाषा जक्कयाने स्वतः केली. तिथे जेवणही झाले आणि हिशेबही झाला.

स्वागताच्या बाबतीत आज काय करावे याची उत्तरे पुस्तकात आहेत आणि ती साधी आहेत. चर्चच्या तीन पायऱ्यांशेजारी उतार बांधावा. घटस्फोट झालेल्या बाईला महिला मंडळात पहिल्याइतकेच काम द्यावे. मुंबई-पुण्याच्या मराठी उपासनेत झारखंड-छत्तीसगडहून आलेल्या घरकामगार मुली मागे बसतात, त्यांच्यासाठी एखादे गीत हिंदीत घ्यावे. दफनभूमीत घराण्यांच्या राखीव जागांचा फेरविचार करावा. यातल्या कुठल्याच गोष्टीला पैसा फारसा लागत नाही. प्रत्येक गोष्टीला कुणाचा तरी जुना हक्क सोडावा लागतो, म्हणून त्या होत नाहीत.

आता वाचकांना एक विनंती. हे पुस्तक रविवारच्या उपासनेत वाचून दाखवू नका, तिथे ते इतर उपदेशांत मिसळून जाईल. पास्टोरेट कमिटीची निवडणूक जवळ आली की त्याच्या आधीच्या महिन्यात ते कमिटीच्या बैठकीत वाचावे, आणि वाचन मंडळीतल्या सर्वांत नव्या सभासदाकडून करवावे. बैठकीला चहा असेल तर तो त्या दिवशी अध्यक्षांनी वाटावा आणि कपही त्यांनीच विसळावेत.